मदत हवी आहे: तांब्याच्या समस्थानिकांचं गणित साडेतीन टक्क्यांनी चुकतंय

भाचीला शिकवायला बसलो आणि मीच अडकलो. तांब्याची दोन स्थिर समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेले अणू), ६३ आणि ६५. सरासरी अणुवस्तुमान ६३.५४६. यावरून दोघांचं प्रमाण काढायचं होतं. मी सरळ ६३क्ष + ६५(१ − क्ष) = ६३.५४६ मांडलं. क्ष, म्हणजे ६३ चा वाटा, आला ०.७२७, म्हणजे ७२.७ टक्के. पुस्तकात उत्तर ६९.१५! तीनदा तपासलं, बेरीज-वजाबाकी बरोबर आहे.

मग ६३ ऐवजी ६२.९३० आणि ६५ ऐवजी ६४.९२८, म्हणजे त्या अणूंची खरी वस्तुमानं, घातली, तर उत्तर जुळलं. म्हणजे अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची एकूण संख्या) वापरला हीच चूक ना? पण क्लोरीनला ३५ आणि ३७ घेऊन (७५.७६ व २४.२४ टक्के) ३५.४८ येतं, खरं ३५.४५. तिथे एवढा फरक का पडला नाही? टक्केवारीवरून सरासरी काढताना चूक झाकली जाते आणि उलट जाताना फुगते, असं काही आहे का?

दुसरं, जे मला जास्त छळतंय: प्रोटॉन १.००७३, न्यूट्रॉन १.००८७, दोन्ही १ पेक्षा जड. मग २९ प्रोटॉन आणि ३४ न्यूट्रॉन मिळून ६३ पेक्षा कमी कसे भरतात? भाची नववीत आहे, तिला झेपेल असं कुणी सांगेल का?