अनुदान निम्म्यावर आलं तर सल्ला केंद्रात आधी काय वाचवायचं?

राजारामपुरीकर:
कोल्हापुरातल्या एका मोफत सल्ला केंद्राचं स्थानिक संस्थेकडून येणारं अनुदान यंदा निम्मं झालंय. कामं निराधार योजना, रेशनकार्ड, कौटुंबिक हिंसाचार, माहिती अधिकार अशी. खर्च म्हणजे जागाभाडं आणि दोघांचं मानधन. दिवस कमी करावेत की माणूस? दुसरीकडून पैसा कधी उभा राहील?

केसवही:
दिवस कमी करा, माणूस नको. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर कशासाठी अडकलाय हे त्याच्या डोक्यात असतं, वहीत नसतं. आजच चालू फाइली मुदतीप्रमाणे लावा. माहिती अधिकारात 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, नंतर दुसऱ्याला 90 दिवस. संजय गांधी निराधारमध्ये हयातीचा दाखला राहिला की पैसे थांबतात. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजुरी मिळूनही जमा होत नाहीत. काम दहा मिनिटांचं, पण चुकलं की शाहूवाडीच्या म्हातारीला तहसीलच्या परत फेऱ्या. नवीन केसेस थांबल्या तरी चालतील, उघडी फाइल सोडू नका.

वकिली मदत:
कोर्टाची प्रकरणं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्या, हेल्पलाइन 15100. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. पत्त्याची चिठ्ठी देऊन पाठवू नका, कागदपत्रांचा संच आणि तारखांचा गोषवारा सोबत द्या, नाहीतर सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

हिशेबनीस:
सीएसआरवर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीवर, या वर्षाचा भरवसा ठेवू नका. आधी आयकराकडची बारा-ए, ऐंशी-जी नोंदणी, मग सीएसआर निधीसाठीचा सीएसआर-1 फॉर्म, तोही सीएच्या सहीने. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कंपन्यांकडे वर्षाचा आराखडा ठरण्याआधी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत जा. लवकर येतात त्या छोट्या देणग्या. 2000 रुपयांवर रोख घेतली तर देणगीदाराला करसवलत नाही, आणि देणग्यांच्या विवरणाचा 10-बीडी फॉर्म 31 मेपर्यंत भरला नाही तर दिवसाला 200 रुपये विलंब शुल्क.

स्थानिक संस्थांना दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नाचे 5 टक्के राखून ठेवावे लागतात. दिव्यांगांच्या केसेसचा वेगळा आकडा काढून त्या शीर्षाखाली मागणी टाका. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चात ठरतं, अर्ज डिसेंबरच्या आत हवा. मागच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र आधी द्या. ते राहिलं तर मंजूर निम्मंही अडकतं.