शब्दचर्चा : ‘ॲटिट्यूड’ला वृत्ती म्हणावं की अभिवृत्ती?

प्रश्न : सामाजिक मानसशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘ॲटिट्यूड’ पानोपानी येतो. ‘अभिवृत्ती’ वाचकाला जड जाईल म्हणून ‘वृत्ती’ लिहिलं. चालेल का?

प्रतिसाद : माझ्या मते नको. मराठीत माणसाची वृत्ती आपण त्याच्या वागण्यावरूनच ठरवतो. दारी आलेल्याला जो पाणीसुद्धा विचारत नाही, तो ‘वृत्तीनं कद्रू’. वृत्ती आणि वर्तन दोन्ही ‘वृत्’ धातूचे, त्यामुळे वागणूक त्या शब्दात आधीच येऊन बसली आहे. मग दोन्ही जुळतात का, हे विचारायचं कसं? आणि या विषयातला मोठा वाद तर तोच आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांचा १९३४ सालचा निबंध घ्या. अमेरिकेत चिनी लोकांविषयी आकस होता, त्या काळात ते एका चिनी जोडप्याबरोबर देशभर हिंडले. अडीचशेच्या आसपास हॉटेलं, खाणावळी झाल्या. नकार मिळाला एकाच ठिकाणी. काही महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्र गेलं : चिनी पाहुणे घ्याल का? १२८ उत्तरं आली, त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त ‘नाही’ म्हणणारी. (पत्राला उत्तर देणारा आणि गल्ल्यावर बसलेला माणूस एकच होता का, ही शंका पुढे घेतली गेली. ती मला रास्त वाटते.) या मालकांची ‘वृत्ती’ कशी? मराठी वाचक म्हणेल, पाहुण्यांना जेवू घातलं ना, मग चांगलीच. अभ्यासकाला मात्र पत्रातला नकार मोजायचा आहे.

‘अभिवृत्ती’तही धातू तोच, पण ‘अभि’मुळे तिला रोख मिळतो. वृत्ती माणसाची असते. अभिवृत्ती कशाविषयी तरी असते, अनुकूल किंवा प्रतिकूल. ‘दृष्टिकोन’ म्हटलं की विचार तेवढा उरतो, आवडनिवड निसटते.

प्रश्न : सामाजिक मानसशास्त्रज्ञ आइझेन यांच्या १९९१च्या मांडणीत अभिवृत्ती आणि वर्तन यांच्यामध्ये ‘इंटेन्शन’ येतं. तिथे ‘हेतू’?

प्रतिसाद : ‘त्याचा हेतू शुद्ध नव्हता’ म्हणताना आपण कृतीमागचं कारण शोधत असतो. ‘मानस’ वापरून पाहा. ‘यंदा वारीला जायचा मानस आहे’ यात ठरवणं आहे, आणि जाणं घडेलच असंही नाही.

आणखी एक वाचक : शीर्षक ‘कळतं पण वळत नाही’ द्या की!

प्रतिसाद : धूम्रपानावरच्या लेखाला शोभेल. लापिएर यांचे मालक मात्र कागदावर होते त्याहून प्रत्यक्षात बरे वागले. त्यांना ही म्हण लावू नये.