ताप नाही, तरी फाइलवर ‘सिव्हिअर’?

धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) आहे. परवा अ‍ॅडमिट केलं. दिवसाला नऊ वेळा संडास, प्रत्येक वेळी रक्त. ताप मात्र जेमतेम ९९. मग सिव्हिअर कसं?

— नुसता ताप बघत नाहीत. १९५५ पासूनचे ट्रूलव्ह-विट्स निकष आहेत: दिवसाला ६ किंवा जास्त रक्ताचे जुलाब, शिवाय नाडी ९०च्या वर, ताप ३७.८ सेल्सियसच्या (म्हणजे साधारण १०० फॅरनहाइटच्या) वर, हिमोग्लोबिन १०.५च्या खाली, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ३०च्या वर, यांतलं एक जरी असलं तरी सिव्हिअर.

— हिमोग्लोबिन ९.२. कळलं.

— मी यातून गेलोय. शिरेतून स्टिरॉइड सुरू झालं की तिसऱ्या दिवशी डॉक्टर जुलाबांचा हिशेब मागतात. मी सलाइनच्या स्टँडलाच वही बांधली होती, बायको हसायची! पोट फुगलं तर लगेच सिस्टरना सांगा. जुलाब थांबवायची गोळी परस्पर देऊ नका.