अनुभव धागा: 'लुक व्हॉट यू मेड मी डू' तुमच्या डोक्यात शिरलं की डोक्यात गेलं?

ऑगस्ट २०१७. अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टने सोशल मीडियावरची आपली सगळी खाती कोरी केली, मग सापाच्या व्हिडिओचे छोटे छोटे तुकडे टाकले (लोक तिला 'साप' म्हणून चिडवत, त्याला हे उत्तर) आणि २४ तारखेला हे गाणं आलं. आमच्या घरात त्या दिवशी जे दोन तट पडले ते आजतागायत आहेत. मला अजिबात आवडलं नाही, धाकट्या बहिणीने ते दिवसभर लावून वात आणला. बिलबोर्डच्या हॉट १०० वर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या साप्ताहिक यादीत, मात्र पहिला नंबर! तुमचं काय झालं? आवडलं, विटलात, विकत घेऊन पस्तावलात, सगळं लिहा. (रॅपर कान्ये वेस्ट आणि त्याची तेव्हाची बायको किम कार्डाशियन यांच्याशी टेलरचं जे वाजलं त्यात खरं कोण, यावर हाणामारी नको. त्यासाठी अख्खं आयुष्य पडलंय.)

कॅसेटवाला
कोरस आला आणि वाटलं, हे कुठेतरी ऐकलंय. १९९१ सालचं राइट सेड फ्रेड या ब्रिटिश बँडचं 'आय'म टू सेक्सी'! श्रेयात त्या मंडळींची नावं रीतसर आहेत, तेव्हा चोरी म्हणता येत नाही. पण तिच्या आधीच्या '१९८९' अल्बमच्या सुरेल कोरसना सोकावलेला माझा कान. इथे ती कोरसच्या आधी चढवत चढवत नेते आणि ऐन मोक्याला तळघरात सोडून देते. चाल नाहीच, नुसतं तालात बोलणं. चार दिवस शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी भांडी घासताना तेच पुटपुटत होतो.

रात्रपाळी
कबुलीजबाब देते. मी हे गाणं नावं ठेवायलाच ऐकलं. २७ तारखेला एमटीव्ही पुरस्कारांच्या रात्री व्हिडिओ आला. मैत्रिणीला 'बघ, किती भयंकर' म्हणून लिंक पाठवली, तिने तिसरीला. पहिल्या २४ तासांत तो ४ कोटी ३२ लाख वेळा पाहिला गेला म्हणे. त्यातले आम्हा तिघींचे सहा-सात रागाचे. पण मोजणाऱ्याला राग काय नि प्रेम काय, सारखंच. म्हणजे तिला एक नंबरवर चढवायला आमचाही हात लागला की!

उंटावरचा शहाणा
हॉट १०० मध्ये यूट्यूबवर पाहिलेलं २०१३ पासून धरतात, पण फक्त अमेरिकेतलं. तुमचे सहा-सात गेले वाया. शिवाय त्या आठवड्यात ३ लाख ५३ हजार डाउनलोड झाले, तेही धरतात. रागाने खिशात हात कोण घालतं? नोव्हेंबरात हे गाणं असलेला 'रेप्युटेशन' अल्बम आला तो सुरुवातीला स्ट्रीमिंगवर ठेवलाच नव्हता, तरी अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात १२ लाखांहून जास्त प्रती गेल्या.

रात्रपाळी
तेव्हा मी न्यू जर्सीत होते. माझे तरी धरा.

बेसूर
मी 'देस्पासितो'वाला, म्हणजे तिच्याआधी पहिल्या नंबरवर असलेल्या स्पॅनिश गाण्याचा भक्त. १६ आठवडे पहिला नंबर, सर्वाधिक आठवडे एकवर राहण्याच्या मारिया कॅरी आणि बॉइज टू मेनच्या विक्रमाशी बरोबरी झालेली, तो मोडायला फक्त एक आठवडा हवा होता! आणि ही बया ७७ वरून थेट एकवर. तीन आठवड्यांनी रॅपर कार्डी बीने 'बोडक यलो'ने तिला खाली खेचलं तेव्हा पेढे वाटायचे बाकी होते.

उशिरा आलेली
मला गाणं तेव्हा रडकं वाटलं होतं. सगळा दोष दुसऱ्यांचा, आपण नामानिराळ्या. 'जुनी टेलर मेली' असं ती फोनवर सांगते, तो भाग तर लाज वाटून पुढे ढकलायचे. २०१८ मध्ये लेकीच्या हट्टापायी अमेरिकेत तिच्या कार्यक्रमाला गेले. भलामोठा फुगवलेला साप, आणि ते फोनवालं वाक्य पडद्यावरून विनोदी अभिनेत्री टिफनी हॅडिश म्हणते. सगळं स्टेडियम तिच्यासोबत ओरडत होतं. मीही. तेव्हा कळलं की हे एकट्याने ऐकायचं गाणंच नाही, हजारोंनी मिळून कुणावर तरी दात काढायचं आहे. घरी येऊन हेडफोनवर पुन्हा लावलं. परत तसंच, कोरडं. फोनवालं वाक्य पुढे ढकललं.