मिलिसेकंदांचा आयसोमर: शॉट्की कॅव्हिटी की फॉइलवाला टीओएफ?

प्रश्न:
ईएसआरसारखी (जर्मनीतली आयन साठवणारी) रिंग धरा. परीघ १०८.३६ मीटर, फेऱ्या सेकंदाला सुमारे २० लाख, गॅमा-टी (रिंगच्या चुंबकांच्या मांडणीवर ठरणारा अंक) १.४. सगळे इलेक्ट्रॉन काढलेला जर्मेनियम-७२, त्याचा ६९१ केईव्हीचा आयसोमर (केंद्रकाची काही काळ टिकणारी उत्तेजित अवस्था), अर्धायुष्य वीसेक मिलिसेकंद. वस्तुमानही हवं, अर्धायुष्यही. डिटेक्टर कोणता, आणि एफएफटीची (संकेतातल्या वारंवारता वेगळ्या करण्याच्या गणिताची) फ्रेम, म्हणजे एका वेळी घेतलेला संकेताचा तुकडा, किती लांब?

उत्तर १:
फॉइलवाला टीओएफ (आयन पातळ फॉइलमधून जाताना फेरीचा वेळ मोजणारा डिटेक्टर) इथे नको. फॉइल कितीही पातळ असली तरी आयन दर फेरीला थोडी ऊर्जा गमावतो आणि काहीशे फेऱ्यांत रिंगबाहेर पडतो. ३०० फेऱ्या म्हणजे जेमतेम १५० मायक्रोसेकंद. वस्तुमान मिळेल, पण क्षय पाहायला आयनच उरत नाही. इलेक्ट्रॉन कूलिंगला (आयनांचा वेग एकसारखा करायला) सेकंद लागतात, त्यामुळे तीही वाट बंद. उरतो आयसोक्रोनस मोड (वेग थोडा वेगळा असला तरी फेरीचा वेळ तोच) आणि आयनला न शिवणारी रेझोनंट शॉट्की कॅव्हिटी (आयन जाताना उमटणारा रेडिओ संकेत टिपणारी धातूची पोकळी).

फ्रेमचा हिशेब: ६९१ केईव्ही भागिले आयनचं वस्तुमान, सुमारे ६७ जीईव्ही, म्हणजे १.०३ × १०⁻⁵. गॅमा-टीच्या वर्गाने भागा, ५.३ × १०⁻⁶. २४५ मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटीवर मूळ अवस्था आणि आयसोमर या दोन रेषांतलं अंतर १.३ किलोहर्ट्झ. १ मिलिसेकंदाची फ्रेम घेतली तर बिन (वारंवारतेचा एक कप्पा) १ किलोहर्ट्झचा, त्यात हॅन विंडो (फ्रेमच्या कडा मऊ करणारं गणिती वजन) रेषा आणखी रुंद करते. दोन्ही शिखरं एकमेकांत मिसळतात. ४ मिलिसेकंद घ्या, ५० टक्के ओव्हरलॅप ठेवा.

उत्तर २:
हिशेब बरोबर, पण शॉट्कीची शक्ती प्रभाराच्या वर्गावर जाते. ३२ प्रभाराचा आयन ९२ च्या तुलनेत आठपट क्षीण. एका इंजेक्शनात रेष गोंगाटात बुडाली तर नवल नाही. दर इंजेक्शनचा स्पेक्ट्रम मूळ अवस्थेच्या रेषेवर सरकवून मगच बेरीज करा. चुंबकाचा प्रवाह १०⁻⁶ ने हलला तरी रेष सरकते, आणि सरळ बेरजेत आयसोमर पुसला जातो.

प्रश्नकर्ता:
कॅव्हिटीचं ट्यूनिंग?

उत्तर २:
लोडेड क्यू (कॅव्हिटीची वारंवारता भागिले बँडची रुंदी) ५०० धरला तर बँड अर्धा मेगाहर्ट्झ, म्हणजे २ मेगाहर्ट्झच्या फेरीतला एकच हार्मोनिक (फेरीच्या वारंवारतेचा पूर्ण पट) आत मावतो. नेमका तो बँडच्या मधोमध आणा. किकरच्या (आयन रिंगमध्ये वळवणाऱ्या चुंबकाच्या) धक्क्याने प्री-ॲम्प्लिफायर संतृप्त होतो, तेव्हा पहिली फ्रेम टाकून द्या. कॅव्हिटीला दोष देऊ नका, तिची झणझण काही मायक्रोसेकंदांत विरते.

उत्तर १:
आणि इलेक्ट्रॉन खरंच सगळे निघालेत ना, ते आधी पाहा. तटस्थ अणूत हाच आयसोमर ४४४ नॅनोसेकंदांत अर्धा होतो.