मदत हवी आहे: जुना टीव्ही, फ्री डिश आणि पावसात जाणारं चित्र

देवगड तालुक्यात घर, समुद्र अगदी जवळ. टीव्ही २१ इंची, जुना, काचेच्या ट्यूबचा. एचडीएमआय (नव्या टीव्हींची डिजिटल केबल जोडायची जागा) नाही, फक्त पिवळी-पांढरी-लाल एव्हीची भोकं. दूरदर्शनचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाल्यावर छपरावरचा ॲन्टेना निकामी झाला, म्हणून डीडी फ्री डिश (दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा) लावली. छत्री ६० सेंटिमीटरची, बॉक्स जुना एमपेग-२ वाला (एमपेग म्हणजे चित्र दाबून पाठवायची पद्धत; या बॉक्सला नवी एमपेग-४ उलगडता येत नाही).

अडचणी दोन. काही वाहिन्यांची नावं येतात, पण चित्र नाही. आणि जोराच्या सरीत सगळंच जातं. पूर्वी मुंग्या आल्या तरी बातम्या ऐकू तरी यायच्या. आता चित्राचे चौकोन होतात आणि लगेच 'नो सिग्नल'. वादळाचा इशारा ऐकायची गरज नेमकी तेव्हाच असते, म्हणून जीव कळवळतो.

करून पाहिलेलं: छत्री ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे पुन्हा जुळवली (आमच्याकडून आग्नेयेला, मध्ये माड नाही). खाऱ्या हवेने हिरवे पडलेले कनेक्टर बदलले, केबलही नवी घातली. दोनदा स्कॅन केलं. कोरड्या दिवशी सिग्नल उत्तम.

घरात मोबाइलची रेंज धड नाही, त्यामुळे नेटवरचा उपाय चालणार नाही. आईला हाच टीव्ही हवा आहे.

एव्ही आउटपुट असलेला एमपेग-४ बॉक्स घेतला तर या टीव्हीवर बंद वाहिन्या दिसतील का? आणि किनाऱ्यावर कोणी ९० सेंटिमीटरची छत्री लावली असेल, तर पावसात खरोखर किती फरक पडला, की आधी एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) बदलून पाहू?