पाच लाखांचं कार्ड धडगावच्या पाड्यावर कशाला चालतं?

सातपुडी :
नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागात आजही काही पाड्यांवरून अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात. १०८ला फोन लावायचा तर आधी रेंजसाठी टेकडी चढा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं, म्हणजे या कार्डाचं, विमा संरक्षण दीड लाखावरून ५ लाख केलं, सगळ्या रेशनकार्डांना लागू केलं. पण ते मिळतं यादीतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर, ठरलेल्या उपचारांनाच. तापाने फणफणलेल्या पोराला त्याचा काय उपयोग? विम्याची रक्कम वाढवण्याआधी तालुक्याला भूलतज्ज्ञ द्या.

तापीकाठ :
अजिबात पटलं नाही. माझ्या मामांची बायपास याच योजनेतून नाशिकला झाली. नाहीतर शेत गहाण पडलं असतं. तालुक्याला कितीही डॉक्टर आणा, बायपास तिथे होणार आहे का?

सातपुडी :
मामा बरे झाले याचा आनंदच आहे, आणि योजना बंद करा असं मी म्हणतच नाही. पण रक्तस्राव होणाऱ्या बाईला नाशिक गाठायला वेळ नसतो. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त, तिन्ही एकाच जागी लागतं. एक जरी नसलं की 'पुढे न्या'. मग घाट उतरेपर्यंत तिचं काय होतं, ते कार्डावर लिहिलेलं नसतं.

बंधपत्रित :
अशा भागात बंधपत्रावर, म्हणजे डॉक्टरकीच्या शिक्षणानंतर करावी लागणारी सरकारी नोकरी केली आहे, म्हणून सांगतो. नुसती पदं भरून भागत नाही. क्वार्टर गळकं, पावसाळ्यात वीज गायब, लसींचं फ्रीज चालू ठेवायची चिंता वेगळीच. शिवाय निकष लोकसंख्येचा आहे : डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. एकेका डोंगरावर चार घरं असतात तिथे हे माप कसं पुरणार? पायी किती तास लागतात, यावर केंद्र ठरवा.

मोकळंमत :
१५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. तरी लोक आधी भगताकडेच जातात. याला सरकार काय करणार?

सातपुडी :
भगत पाड्यावरच राहतो, रात्री-अपरात्री उठतो आणि पावरीत, म्हणजे इथल्या आदिवासी बोलीत बोलतो. दवाखान्यात पावरी समजणारं कोणी नसेल तर पहिल्यांदा आलेली बाई दुसऱ्यांदा येत नाही. आशाताईंचं मानधन वेळेवर द्या, पावरी-भिली बोलणाऱ्या मुलींना नर्सिंगला पाठवा. हे सरकारच करू शकतं.